एक रात्र, दीड जीबी अन् हजार सिनेमे: इंडी सायन्स फिक्शन पाहायला कुठून सुरुवात करायची

गुढीपाडवा होता, २ एप्रिल २०२२. अंधार पडला होता, आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो अन् आभाळातून पेटत्या टेंभ्यासारख्या काही रेघा एकामागं एक, अगदी सावकाश सरकत गेल्या. आवाज नाही, काही नाही. कोणी म्हणे विमान जळालं, कोणी म्हणे उल्का, बाजूच्या काकू हात जोडून उभ्या राहिल्या. मग फोनवर फोटो यायला लागले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक कडं पडलं होतं, जवळपास दहा फुटाचं, बंडीच्या चाकाची धाव असते ना तसंच दिसत होतं, फक्त दुपटीनं मोठं. मागून तज्ज्ञांनी सांगितलं की चीनच्या रॉकेटचा तुकडा असावा.

हे काऊन सांगून राहिलो, तर सायन्स फिक्शन म्हटलं की आपल्याकडचे पोट्टे म्हणतात ते अमेरिकेतलं, त्यात इमारती पडतात, हिरो उडतो, आपला काय संबंध. पण लाडबोरीचा तो फोटो पाहा. एक साधी जागा, रोजची माणसं, अन् मधात एकच अशी वस्तू जी तिथं असायला नको होती. नेमके असेच सिनेमे जगभरच्या लोकांनी बनवून ठेवले आहेत, कमी पैशात, कधी स्वतःच्या घरात, दोन-चार मित्र घेऊन. त्यांना इंडी सायन्स फिक्शन म्हणतात. इंडी म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या पैशाशिवाय, दिग्दर्शकानं स्वतः पैसा उभा करून, स्वतःच्या मनानं केलेला सिनेमा. बस, एवढी व्याख्या सध्या पुरते.

मी चार वर्षांपासून हे सिनेमे पाहून राहिलो, जास्त करून वावरात, जागलीला गेल्यावर. हरभऱ्यात रानडुकरं अन् रोही शिरतात, रात्रभर मचानावर बसावं लागतं, अन् फोन सोबत असतो. गावातले चार-पाच जण आता विचारतात की काय पाहू, कुठून सुरू करू, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी आपला हिशोब, मग सिनेमाचं नाव

यादी करायच्या आधी वहीत तीन गोष्टी लिहा. आठवड्यात पाहायला खरंच किती रात्री मिळतात, रोजचा डेटा किती, अन् कोणासोबत पाहणार. माझं असं आहे की रोज दीड जीबी मिळते, चित्राचा दर्जा ४८० पी वर ठेवला तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी जाते, म्हणजे दीड तासाचा एक सिनेमा अन् वरून थोडं व्हॉट्सॲप, झाला दिवस. अन् अशा मोकळ्या रात्री आठवड्यात दोनच मिळतात, म्हणजे फार तर दोन सिनेमे. वर्षाचे धरले तर शंभर, पण पेरणी, डवरणी, कापूस वेचणी यात तीन-चार महिने असेच जातात, उरले सत्तरेक. हा आकडा वहीत लिहिला की लक्षात येतं की कोणीतरी सांगितलेला कोणताही सिनेमा लावून बसणं परवडत नाही, अन् म्हणूनच क्रम लावायला शिकायचं.

तालुक्याला गेलो की ओळखीच्या दुकानात वायफायवर दोन-तीन सिनेमे ॲपमध्येच डाउनलोड करून आणतो. यात एक पाहून ठेवा, काही डाउनलोड एकदा सुरू केले की ठरावीक वेळातच संपवावे लागतात, ते तिथंच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझा एक सिनेमा अर्ध्यात राहिला होता, पाऊस आला म्हणून उठलो, तीन दिवसांनी लावायला गेलो तर बंद.

सुरुवात शॉर्ट फिल्मपासून

मोठ्या सिनेमाला हात लावायच्या आधी आठ-दहा शॉर्ट फिल्म पाहा. दहा, पंधरा, वीस मिनिटांच्या. कारण सोपं आहे, आपल्याला नेमकं काय भावतं हे आपल्यालाच माहीत नसतं. काळात मागं-पुढं जाणाऱ्या गोष्टी भावतात, का यंत्रमानवाच्या, का दुसऱ्या ग्रहावरच्या एकट्या माणसाच्या, का उद्याच्या जगात पाणी-अन्न-काम कसं राहील याच्या. शॉर्टमध्ये हे अर्ध्या जीबीत कळून जातं. यूट्यूबवर डस्ट नावाचं चॅनेल आहे, तिथं फक्त सायन्स फिक्शन शॉर्ट फिल्म असतात, शेकड्यानं, अन् फुकट. पाहिली की वहीत एका ओळीत लिहायचं, काय आवडलं. गोष्ट लिहायची नाही, काय आवडलं तेच. महिन्याभरात त्या ओळी वाचल्या की आपली वाट आपल्यालाच दिसते. माझ्या वहीत सारखं सारखं "एकच खोली", "पाणी", "कोणी मोठा स्फोट नाही" असंच निघालं.

दोन शॉर्ट मात्र नावानं सांगतो. एक 'पुम्झी', केनियाच्या वानुरी काहिऊ यांची, २००९ ची, वीस-बावीस मिनिटांची. पाण्यावरून महायुद्ध होऊन गेलं आहे, जमिनीवर काही उगवत नाही, लोक बंद वसाहतीत राहतात, अन् तिथं माणसाचा घामसुद्धा गोळा करून, गाळून, परत प्यायला वापरतात. त्यातल्या बाईला मातीचा एक नमुना मिळतो ज्यात ओल आहे. ती त्यात बी लावते. पुढचं सांगत नाही, पण आपल्या बाटलीतलं पाणी ती ज्या हिशोबानं वापरते ते मी मे महिन्यात पाहिलं, विहीर तळाला गेलेली असताना, अन् पाहून झाल्यावर मी किती वेळ तसाच बसून होतो.

दुसरी 'ला जेते', फ्रान्सची, क्रिस मार्कर यांची, १९६२ ची, २८ मिनिटं. ही जवळजवळ पूर्ण स्थिर फोटोंची आहे, म्हणजे लग्नाचा अल्बम उलटतो तसे काळे-पांढरे फोटो एकामागं एक अन् वरून एक आवाज गोष्ट सांगतो. पण मधात एका ठिकाणी, फक्त एकदाच, झोपलेली बाई डोळे उघडते अन् ते चित्र हलतं. तेवढंच. इतके पैसे ओतून पूर्ण पृथ्वी उडवणाऱ्या सिनेमात जे होत नाही ते त्या दोन-तीन सेकंदात होते. नवीन माणसानं ही दुसऱ्या आठवड्यात पाहावी, पहिल्याच दिवशी नको, फोटोंची सवय नसते.

हिंदीत पाहायचं असेल तर आरती कदव यांची '५५ किमी प्रति सेकंद' ही २०२१ ची शॉर्ट शोधा, लॉकडाउनच्या काळात बनवलेली, उल्का पृथ्वीवर येऊन राहिली अन् लोक व्हिडिओ कॉलवर जमले आहेत. आपल्या बुलढाण्यात लोणारला जो जाऊन आला, ते पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं विवर ज्यानं काठावर उभं राहून पाहिलं, त्याला ही शॉर्ट वेगळीच लागते, कारण वरून येऊन पडलेल्या एका दगडानं काय होते ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं असते.

नावं कुठून काढायची

ॲप उघडलं की समोर जे येते ते पाहू नका, हे माझं पक्कं मत आहे. ॲप तेच दाखवते जे सगळे पाहून राहिले. लहान सिनेमा तिथं खाली, खूप खाली असतो. माझ्या उपयोगाच्या वाटा अशा.

अमेरिकेत सनडान्स फेस्टिव्हल होतो, तिथं २००३ पासून आल्फ्रेड पी. स्लोन नावाचं बक्षीस देतात, विज्ञान किंवा तंत्रज्ञान ज्यात आहे अशा सिनेमाला. सगळेच विजेते सायन्स फिक्शन नसतात, काही खऱ्या शास्त्रज्ञांवर असतात, एक-दोन माहितीपटही आहेत, पण यादी खूप कामाची आहे. २००४ चा 'प्रायमर', २००८ चा 'स्लीप डीलर', २०११ चा 'अनदर अर्थ', २०१२ चा 'रोबोट अँड फ्रँक', २०२२ चा 'आफ्टर यांग', सगळे याच यादीतले. सुरुवातीला एवढी एक यादी पुरते, खरं सांगतो. मग स्पेनचा सिचेस फेस्टिव्हल, कॅनडात माँट्रियलचा फँटेजिया, हे अशाच विचित्र-अद्भुत सिनेमांचे आहेत, त्यांच्या दरवर्षीच्या विजेत्यांची नावं पाहायची.

लेटरबॉक्स्ड नावाचं ॲप फुकट आहे, तिथं लोकांनी स्वतः केलेल्या याद्या असतात, अन् यादी सिनेमाच्या लांबीनुसार लावता येते, म्हणजे सगळ्यात छोटा वर. आपल्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे. अन् जस्टवॉचवर नाव टाकलं की भारतात तो सध्या कुठल्या ॲपवर आहे ते दिसते.

पण सगळ्यात चांगली वाट म्हणजे माणूस पकडणे. एक सिनेमा आवडला की त्याच्या दिग्दर्शकाचं नाव लिहा, त्यानं आधी काय केलं ते शोधा. गॅरेथ एडवर्ड्स यांचा मोठ्या बजेटचा 'गॉडझिला' २०१४ चा, तो पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच माणसानं २०१० मध्ये 'मॉन्स्टर्स' बनवला होता, दोन मुख्य कलाकार, लहानशी टीम, मेक्सिको-ग्वाटेमालाकडं फिरत फिरत शूट केलं अन् राक्षसांचे सगळे इफेक्ट स्वतः कॉम्प्युटरवर बसून केले. मोठा पाहिला असेल तर आता लहान पाहा, हात तोच आहे.

नाव शोधताना एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. 'कार्गो', 'मून', 'क्यूब' अशी नावं टाकली की भलतंच निघते. 'कार्गो' नावाचा तर २०१७ चा एक ऑस्ट्रेलियातला झोंबीचा सिनेमाही आहे, आमच्या इथल्या एकानं तोच पूर्ण पाहिला अन् मला म्हणे, "तू तं म्हणे यानात बसते, याच्यात तं कोणी बसलंच नाई." म्हणून नावासोबत वर्ष टाका. स्पेलिंग येत नसेल तर माईकचं बटण दाबून नाव बोला, बरोबर येते.

क्रम लावायचा तो असा

नावं पन्नास झाली तरी चालते, पण "पुढं पाहायचे" या पानावर बारापेक्षा जास्त नको. बारा झाले की नवीन एक टाकायला जुना एक खोडावा लागला पाहिजे. खोडताना विचार होतो, अन् तो विचार म्हणजेच निवड.

त्या बाराचा क्रम लावताना मी आधी पाहतो, ॲपवरून जाणार कोणता आहे. सिनेमे महिन्याच्या शेवटी निघून जातात, मग कधी येतील सांगता येत नाही, म्हणून जाणारा आधी. मग पाहतो की त्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते का. "धूमकेतू जाते त्या रात्री घरातल्या माणसांना समोरच्या घरात स्वतःच दिसतात." "एक प्राध्यापक म्हणतो मी चौदा हजार वर्षांचा आहे." असं वाक्य ज्याचं होते तो वर घ्या. ज्याचं वर्णन वाचून फक्त "थरारक", "भव्य", "अफलातून" एवढेच शब्द हाती येतात तो खाली. हा नियम मला आजपर्यंत फसला नाही म्हटलं तरी चालेल. नारळीकर सरांच्या कथा शाळेत असताना ज्यांनी वाचल्या असतील त्यांना हे लगेच कळेल, त्यांच्या कथेची कल्पना अशीच एका वाक्यात धरता येते अन् मग माणसं त्या कल्पनेत कशी वागतात हे पुढं येते.

तिसरं, डोकं किती शिल्लक आहे. दिवसभर फवारणी करून आलेल्या माणसानं त्या रात्री 'प्रायमर'सारखा डोक्याला ताण देणारा सिनेमा लावू नये. एक जड झाला की एक हलका. अन् ट्रेलर पूर्ण पाहायचा नाही, अर्धा मिनिट बस, रंग कसा आहे, आवाज कसा आहे तेवढं कळलं की बंद. खालच्या कमेंट तर अजिबात नको, तिथं शेवट फोडून ठेवलेला असतो, अन् या प्रकारच्या सिनेमात शेवट फुटला की अर्धा जीव गेला.

पहिले सात, माझ्या क्रमानं

पहिला 'कार्गो', २०१९, हिंदी, आरती कदव. मुद्दाम पहिला, कारण भाषेचं ओझं नाही अन् गोष्ट आपल्या घरातली. पुष्पक नावाचं यान आहे, त्यात राक्षस नोकरी करतात, मेलेली माणसं येतात, त्यांचं सामान काढून घ्यायचं, आठवणी पुसायच्या अन् पुढच्या जन्माला पाठवायचं. विक्रांत मॅसी तिथं वर्षानुवर्षं एकटा काम करून राहिला, मग श्वेता त्रिपाठी मदतनीस म्हणून येते. यान कसं आहे पाहा, जुन्या सरकारी ऑफिससारखं, बटणं, फाइली. आपल्या पुराणातला पुनर्जन्म अन् आभाळातलं यान एका जागी किती सहज बसतात हे पाहून मला तर खूप आनंद झाला होता, कारण तोपर्यंत मला वाटायचं हा प्रकार आपल्या भाषेत, आपल्या देवाधर्मात बसूच शकत नाही.

दुसरा 'बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स', जपानी, २०२०, जुंता यामागुची यांचा, फक्त ७० मिनिटं. एका लहान कॅफेचा मालक वर खोलीत जातो तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो स्वतःच बोलून राहिला, अन् म्हणतो मी दोन मिनिटं पुढचा तू आहे. मग मित्र येतात, जिना चढ-उतर, हसता हसता डोकं चक्रावते. सबटायटल सोपी आहेत.

तिसरा 'द मॅन फ्रॉम अर्थ', २००७. जवळजवळ सगळं एका घरात अन् अंगणात, प्राध्यापक लोक सहकाऱ्याला निरोप द्यायला जमले आहेत, अन् तो म्हणतो मी चौदा हजार वर्षांपासून जिवंत आहे. पूर्ण सिनेमा नुसता बोलण्याचा. याची पटकथा जेरोम बिक्सबी यांनी मरणाच्या अंथरुणावर, १९९८ मध्ये पूर्ण केली होती. आमची आजी सांगायची की अश्वत्थामा अजून फिरते, कपाळावरच्या जखमेला तेल मागते, दारात आला तर नाही म्हणू नये. मी हा सिनेमा पाहताना सगळा वेळ तोच डोळ्यासमोर होता, की खरंच असा माणूस आपल्या ओट्यावर येऊन बसला तर आपण त्याला काय विचारू, अन् त्याच्यावर विश्वास बसायला आपल्याला काय पाहिजे. सिनेमातले प्राध्यापक तेच करतात. इंग्रजी भराभर आहे, म्हणून सबटायटल लावूनच.

चौथा 'द व्हास्ट ऑफ नाइट', प्राइमवर. अँड्र्यू पॅटरसन यांचा पहिला सिनेमा, पैसा स्वतःचा, बऱ्याच फेस्टिव्हलनी परत पाठवलेला, शेवटी २०१९ मध्ये स्लॅमडान्सनं घेतला. १९५० च्या दशकातलं अमेरिकेतलं लहान गाव, सगळं गाव मॅच पाहायला गेलं आहे, टेलिफोन एक्सचेंजवर एक पोरगी अन् रेडिओ स्टेशनवर एक पोरगा, अन् लाइनवर एक विचित्र आवाज यायला लागते. मधात एक म्हातारा माणूस फोनवर आपली गोष्ट सांगते तेव्हा पडदा काही वेळ पूर्ण काळा होतो, फक्त आवाज. फोन खराब झाला समजून बंद करू नका. ज्यांच्या घरी आकाशवाणी लागायची, जे अंधारात रेडिओला कान लावून बसले आहेत, त्यांना त्या काळ्या पडद्यात सगळं दिसते. हा इयरफोन लावूनच पाहा, स्पीकरवर निम्मा जातो.

पाचवा 'कोहिरन्स', २०१३. याच्यावर जरा थांबतो. जेम्स वॉर्ड बर्किट यांनी स्वतःच्याच घरात पाच रात्रीत शूट केला, खर्च साधारण ५० हजार डॉलर, अन् कलाकारांना पूर्ण पटकथा दिलीच नाही, रोज ज्याला त्याला फक्त त्याच्या पात्रापुरती चिठ्ठी. त्यामुळं ते चकित होतात ते खरंच चकित झालेले असतात. आठ मित्र जेवायला जमले आहेत, वरून धूमकेतू जाऊन राहिला, लाइट जाते, पूर्ण वस्ती अंधारात, फक्त दूर एका घरात उजेड. दोघं तिकडं पाहायला जातात. मी हा मचानावर पाहिला, पौष महिना, दव पडून राहिलं होतं, घोंगडं डोक्यावरून घेतलेलं. अर्ध्यात आलो असेल अन् नाल्यापलीकडच्या वावरात बॅटरी चमकली, दोनदा. मीपण रोज अशीच दोनदा चमकवतो, बाजूच्याला कळावं की जागा आहे म्हणून. मला एकदम वाटलं की तिकडच्या मचानावर मीच बसलो आहे अन् इकडं पाहून राहिलो. मी बॅटरी उचलली नाही बराच वेळ. मग उचलली, चमकवली, तिकडून परत दोनदा. सिनेमात माणसं नेमकी याच जागी अडकतात, की पलीकडं जो आहे तो कोण, अन् त्याच्याकडं जावं का नाही. थिएटरात पाहिला असता तर हे झालं नसतं. म्हणून म्हणतो, हा रात्री, एकट्यानं, जमलं तर बाहेर बसून पाहा.

सहावा 'स्लीप डीलर', २००८, अ‍ॅलेक्स रिव्हेरा, भाषा जास्त करून स्पॅनिश. मेक्सिकोतलं शेतकऱ्याचं घर, नदीवर कंपनीनं धरण बांधलं, आता बापलेक चालत धरणावर जातात, फाटकावर मशीन पैसे घेते अन् बंदूक लावलेला कॅमेरा वरून पाहत राहते, मग पाणी भरून घरी आणायचं अन् वावराला द्यायचं. पुढं पोरगा शहरात जाते अन् अंगाला तारा जोडून दूरच्या देशातलं काम करते, माणूस इकडं, मजुरी तिकडं. मी पहिली वीसेक मिनिटं बाबांना दाखवली, पुढं एक प्रसंग घरच्यांसोबत पाहण्यासारखा नाही म्हणून तेवढीच. बाबांना भाषा कळत नव्हती, मी सांगत होतो. ते पाण्याचं फाटक आलं तर म्हणे, "थांब, मांगं घे." परत पाहिलं. मग म्हणे, "हे झालं का होयाचं हाय?" मी म्हटलं होयाचं हाय, पुढच्या काळातलं हाय. ते काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी स्वतःहून विचारलं, "त्या पोराच्या बापाचं वावर राहिलं का मंग?"

सातवा 'मून', २००९, डंकन जोन्स यांचा पहिला सिनेमा, बजेट साधारण ५० लाख डॉलर, म्हणजे या यादीत सगळ्यात श्रीमंत, तरी हॉलिवूडच्या मानानं काहीच नाही. चंद्रावर एकटा कामगार, तीन वर्षांचं कंत्राट, घरी जायला दोन आठवडे उरले आहेत. ज्यांचे भाऊ-पोरं पुण्याला, सुरतला कंत्राटी कामावर गेले आहेत त्यांना हा आतून कळेल. जास्त सांगत नाही.

'प्रायमर' या सातात नाही, अन् ते विचार करून. २००४ चा, शेन कॅरुथ यांचा, फक्त ७ हजार डॉलरमध्ये बनवलेला, म्हणजे तेव्हाचे तीन लाखांच्या आसपास, एवढ्यात आपल्याकडं एक साधं लग्न होते. लेखक, दिग्दर्शक, मुख्य कलाकार, संकलन, संगीत, सगळं एकट्या माणसाचं, अन् सनडान्सचं सगळ्यात मोठं बक्षीस त्याला. ७७ मिनिटं. दोन इंजिनिअर गॅरेजमध्ये एक डबा बनवतात ज्यात बसून काही तास मागं जाता येते. खूप लोक नवीन माणसाला हाच आधी सांगतात, मलाही सांगितला होता, अन् मी तो पाहून वर्षभर या प्रकाराकडं फिरकलो नाही, वाटलं हे आपल्या डोक्याचं काम नाही. ते खोटं होतं. तो एकदा पाहून कोणालाच पूर्ण कळत नाही. पंधरा-वीस सिनेमे झाल्यावर पाहा, कागद-पेन घेऊन, कोण कधी डब्यात गेला ते लिहीत, अन् आठवड्यानं परत एकदा. दुसऱ्यांदा जे उघडते त्याची मजा सांगून येत नाही.

भाषा अन् सबटायटल

इंग्रजीची भीती असेल तर सांगतो, माझं बारावीपर्यंतचं मराठी शाळेतलं इंग्रजी आहे अन् चालते. यूट्यूबवर सबटायटल आपोआप मराठीत करायची सोय आहे, भाषांतर ओबडधोबड येते पण गोष्ट हातून सुटत नाही. वेग ०.७५ वर ठेवला तर वाचायला वेळ मिळते, आवाज थोडा जड होतो, दहा मिनिटात सवय होते. अन् लूप (तीच वेळ परत परत येणे), टाइमलाइन (घटनांचा एक धागा), क्लोन (हुबेहूब दुसरा जीव) असे दोन-चार शब्द आधीच समजून घ्या, तेच ते परत येतात.

घरी, चार जणात दाखवायचं असेल तर

आधी स्वतः पाहा, मगच दाखवा. स्पेनचा 'टाइमक्राइम्स' २००७ चा, काळात मागं जाणाऱ्या सिनेमांमध्ये माझा फार आवडता, पण सुरुवातीलाच घरात लावता येणार नाही असं दृश्य आहे. 'क्यूब' १९९७ चा कॅनडाचा, एकच खोली बांधली अन् रंगाच्या पाट्या बदलून बदलून शेकडो खोल्या दाखवल्या, बनवणाऱ्याची कमाल आहे, पण रक्तपात आहे, लहान पोरं नको. म्हाताऱ्या माणसांसोबत 'रोबोट अँड फ्रँक' लावा. विसरायला लागलेला म्हातारा, पोरगा त्याला सांभाळायला रोबोट आणून देते, म्हातारा आधी चिडते अन् मग त्याला आपली जुनी विद्या शिकवायला लागते. आमच्या शेजारच्या आजोबांनी तो पूर्ण पाहिला, भाषा एक अक्षर कळत नव्हती तरी, अन् रोबोट बागेत माती उकरते तिथं म्हणे, "याले डवरा धराले शिकवा."

मित्रांसोबत पाहायचा असेल तर 'द मॅन फ्रॉम अर्थ' मधात थांबवून पाहा, तासाभरानं, अन् विचारा की हा खरं बोलून राहिला का खोटं. आमच्या इथं त्या दिवशी सिनेमा रात्री साडेअकराला परत सुरू झाला.

अन् जिथं पैसे देऊन पाहता येते तिथं द्या. 'द मॅन फ्रॉम अर्थ' २००७ मध्ये लोकांनी टोरंटवरूनच, म्हणजे इंटरनेटवर फुकटात, एकमेकांना पाठवला, त्यामुळं तो जगाला माहीत झाला अन् त्याच्या निर्मात्यानं त्याबद्दल जाहीर आभारही मानले हे खरं आहे, पण त्यातून घर चालत नाही. एका माणसानं घर गहाण टाकून सिनेमा केला असेल तर भाड्याचे शंभर-दीडशे रुपये त्याच्यापर्यंत कुठंतरी पोचतात. आम्ही चार जण मिळून एक सबस्क्रिप्शन घेतो, जे ॲपच्या नियमात बसते तेवढंच, अन् दर दोन महिन्यांनी बदलतो. आधी एका ॲपवरचे बारातले जितके आहेत तितके संपवायचे, मग दुसरं घ्यायचं. वहीत प्रत्येक नावासमोर ॲपचं नाव लिहून ठेवलं की हे सोपं जाते.

या आठवड्यात आमच्याकडं पंपाची लाइन रात्रीची आहे, हरभऱ्याला दुसरं पाणी चालू आहे, म्हणजे तीन रात्री वावरातच. 'अनदर अर्थ' डाउनलोड करून ठेवला आहे, आभाळात दुसरी पृथ्वी दिसायला लागते तो. पॉवर बँक चार्जिंगला लावली आहे.